तीन रकाने

 

पदवीधर मुलामुलींनो, जळगावचे निमंत्रण आले तेव्हाच मनाशी ठरवले की प्रतिभाताई पाटलांबद्दल बोलायचे. 2007 साली राष्ट्रपती झालेल्या ताई तुम्हाला माहीत आहेत. मला सांगायचे आहे ते त्याच्या चाळीस वर्षे आधीच्या ताईंबद्दल. तेव्हा त्या 32 वर्षांच्या वकील होत्या आणि उपमंत्री म्हणून मुंबईच्या सचिवालयात दाखल झाल्या होत्या. मंत्रालय हे नाव त्या इमारतीला नंतर मिळाले.

जन्म 1934 चा, इथून जवळच नाडगावला. शिक्षण मूळजी जेठा महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात. इथल्या जिल्हा न्यायालयात वकिली. 1962 साली वयाच्या 27 व्या वर्षी जळगावातून आमदार. त्याच वर्षी चीनचे युद्ध झाले. जिल्ह्यातल्या बायकांचे होमगार्ड पथक उभे करून त्याच त्याच्या प्रमुख झाल्या. 1965 मध्ये लग्न होऊन सासर अमरावतीचे झाले, तरी विधानसभेचे राजकारण त्यांनी खानदेशातच ठेवले. 1967 पासून एदलाबादने, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरने, त्यांना सलग चार वेळा निवडून दिले. आणि त्याच 1967 मध्ये वसंतराव नाईकांच्या सरकारात उपमंत्रिपद.

उपमंत्रिपद म्हणजे काय, हे आजच्या पिढीला सांगावे लागते. वरच्या मंत्र्याने लेखी वाटून दिले असतील तेवढेच अधिकार. फाइल कक्ष अधिकाऱ्याकडून उपसचिवाकडे, तिथून सचिवाकडे जाते. उपमंत्र्याच्या टेबलावर ती येईलच याची खात्री नाही. पण सभागृहात तारांकित प्रश्न निघाला की उत्तराला अनेकदा उभे राहायचे उपमंत्र्यानेच. सार्वजनिक आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, गृहनिर्माण, संसदीय कामकाज असा पसारा ताईंनी पाच वर्षे सांभाळला, तेव्हा कुठे 1972 मध्ये त्या कॅबिनेट मंत्री झाल्या. खाते मिळाले समाजकल्याण.

मी बातमीदार झाले ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी. विधिमंडळ तेव्हा रीगल सिनेमासमोरच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरे. 1979 च्या जुलैत, पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, सरकार असताना, प्रतिभाताई विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. मी त्यांच्या 1967 पासूनच्या खात्यांचा आढावा लिहिला. कोणते खाते, किती काळ, त्या काळात कोणते निर्णय, असा. आमच्या वृत्तसंपादकांनी त्यातली खाती कापली आणि कॉलेजात त्या टेबल टेनिस छान खेळायच्या हे वाक्य वर नेले. साडीचा रंग कोणता होता, तेही मला विचारले. मी सांगितला नाही. बातमी आतल्या पानावर तळाला गेली.

ही तक्रार मी अजून सोडलेली नाही. अर्थसंकल्पाच्या दिवशी पुस्तकांचे गठ्ठे पुरुष सहकाऱ्यांच्या टेबलावर पडायचे आणि माझ्याकडे महिला पुरवणीतले लोणच्याचे पान यायचे. लोणच्यावर माझा राग नाही. माझी आई कैरीचे उत्तम लोणचे घालायची. पण मला अर्थसंकल्प हवा होता. शेवटी वित्त विभागातल्या एका भल्या कक्ष अधिकाऱ्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला लेखाशीर्ष वाचायला शिकवले. ते म्हणायचे, "बाई, भाषण ऐकू नका, तीन रकाने बघा." मार्चमध्ये जाहीर केलेला अंदाज, वर्षाच्या शेवटी केलेला सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. घोषणा पहिल्या रकान्यात असते. दुसऱ्या रकान्यात ती निम्मी झालेली दिसते आणि तिसऱ्यात कधी कधी सापडतही नाही. पुढची सगळी वर्षे मी या तीन रकान्यांवर जगले. मुलींनो, तुम्ही वकील व्हा, बातमीदार व्हा, सरपंच व्हा नाहीतर मंत्री व्हा, पण पैशाचा कागद दुसऱ्याच्या हातात राहू देऊ नका.

हे मी ताईंच्या खात्यांच्या यादीवरूनच सांगते. समाजकल्याण, आरोग्य, दारूबंदी, पुनर्वसन, सांस्कृतिक कार्य, शिक्षण. नगरविकास मिळायला 1982 उजाडले, म्हणजे पंधरा वर्षे. निवडणूक कधी न हरलेल्या, तापी-पूर्णेच्या खोऱ्यातून येणाऱ्या या बाईंना पाटबंधारे खाते एकदाही मिळाले नाही. वित्त नाही, गृह नाही, महसूलही नाही. महसूल एकदा शालिनीताई पाटलांकडे गेले, अंतुले मुख्यमंत्री असताना. हरियाणात 1977 साली सुषमा स्वराज 25 व्या वर्षी कॅबिनेट मंत्री झाल्या आणि त्यांच्याकडे कामगार खाते होते, संप आणि टाळेबंदीचे. तेव्हा वय आडवे आले नाही. आपल्या शेजारच्या गोव्याला शशिकलाताई काकोडकर 1973 मध्येच मुख्यमंत्री म्हणून मिळाल्या. महाराष्ट्राला आजवर एकही नाही, आणि याची लाज आपल्याला वाटायला हवी.

2022 च्या ऑगस्टमध्ये राजभवनात 18 मंत्र्यांनी शपथ घेतली. त्यात एकही बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी मी सगळी वर्तमानपत्रे घेऊन बसले. कोणत्या जिल्ह्याला किती आणि कोणत्या गटाला किती, याचे तक्ते मोठे होते. मला हवी होती ती ओळ फार वेळ शोधावी लागली. पुढे जवळजवळ वर्षभराने आदिती तटकरे मंत्री झाल्या आणि महिला व बालविकास खाते त्यांच्याकडे गेले. त्या खात्याला मी कमी लेखत नाही. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेत बायकांना महिना 1500 रुपये सुरू झाले तेव्हा सगळ्या राज्याची नजर त्याच खात्याकडे लागली. तरीही हप्त्याचा पैसा कधी सुटायचा, हे वित्त विभागाला विचारावे लागते. मंत्रिणबाई तिथे का नकोत?

तुमच्यातल्या काही जणी उद्या जिल्हा परिषदेला उभ्या राहतील. "ताई, तुम्ही महिला बालकल्याण समिती घ्या, स्थायी समितीचे आम्ही बघतो," असे गोड बोलून कोणी सांगेल. स्थायी समिती मागा. जागा नाही म्हणाले तर पुढच्या बैठकीत पुन्हा मागा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. मुलांनो, त्या बैठकीत तुम्हीही बसलेले असाल. तिच्या मागणीला अनुमोदन द्या.

आणि आज घरी गेल्यावर राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तके उघडा. वित्त विभागाच्या संकेतस्थळावर ती फुकट आहेत. सुरुवात आपल्या जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्यापासून करा.