वृद्धाश्रमाची तपासणी आणि वृद्धांचा दिवस

पूर्वीं खेडेगांवच्या शाळेंत डिपोटीसाहेब येणार अशी वर्दी आली, कीं आदल्या दिवशीं भिंतींना चुना लागे, नकाशे खुंट्यांवर चढत आणि हुशार मुलांना पहिल्या ओळींत बसविलें जाई. साहेबांची पाठ फिरली, कीं नकाशे पुन्हां कपाटांत जात. शाळेची तपासणी झाली असें सारेच म्हणत. शाळा मात्र तपासली गेलेली नसे. हाच प्रकार वृद्धाश्रमाच्या बाबतींत घडला, तर तो अधिक खेदकारक ठरतो. शाळेंतील मुलापुढें सारें आयुष्य पडलेलें असतें. वृद्धाश्रमांतील माणसाजवळ दिवस मोजके असतात. त्यांतील एक जरी केवळ दिखाव्यासाठीं खर्ची पडला, तरी ती हानि भरून येत नाहीं.

नाशकांत 'नर्सिंग होम' अशी पाटी दिसली, तर तेथें लहानसें रुग्णालय आहे असें कोणीहि समजतो, आणि अशा रुग्णालयांसाठीं १९४९ सालचा नोंदणीचा कायदाहि आहे. पाश्चात्त्य देशांत याच शब्दानें निराळी संस्था ओळखली जाते. दुर्बळ वृद्ध जेथें कायमचे राहतात आणि जेथें त्यांची शुश्रूषा होते, तें गृह म्हणजे नर्सिंग होम. आपल्याकडे हा भार मुख्यत्वें वृद्धाश्रमांनीं उचललेला आहे. निराश्रितांना आसरा देणारी पुण्याची 'निवारा' ही संस्था डेव्हिड ससून यांच्या नांवानें एकोणिसाव्या शतकांतच उभी राहिली. राज्य शासनानें १९९५ मध्यें 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना काढली. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांतील शेंकडा ९.९ लोक साठीच्या पलीकडचे आढळले. तेव्हां वृद्धाश्रम हा आतां कांहीं थोड्या अभागी जीवांचा प्रश्न राहिलेला नसून, सुशिक्षित कुटुंबांच्या दारांतहि तो येऊन उभा आहे.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा २००७ सालीं संसदेनें संमत केला. प्रत्येक जिल्ह्यांत निदान १५० निर्धन वृद्धांची सोय होईल असा एक तरी आश्रम असावा, ही कल्पना त्याच्या १९ व्या कलमांत आहे. त्याच कलमाचा दुसरा भाग फारसा कोणी वाचीत नाहीं. आश्रमांतील सेवांचीं मानकें ठरवितांना वैद्यकीय मदतीच्या बरोबरीनें रहिवाशांच्या मनोरंजनाच्या साधनांचाहि विचार व्हावा, असें तेथें म्हटलें आहे. केंद्र सरकारच्या नमुना नियमांतहि दूरचित्रवाणी, वृत्तपत्रें आणि पुस्तकें यांचा उल्लेख आहे. औषध आणि करमणूक हीं दोन एकाच वाक्यांत यावीं, याचें प्रथम नवल वाटतें. थोडा विचार केला, कीं त्यांतील शहाणपण ध्यानांत येतें.

सकाळीं आठ वाजतां चहा-नाश्ता उरकलेला वृद्ध रात्रीं आठपर्यंत त्याच खुर्चीवर बसून आहे, असें क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. त्याचें पोट भरलेलें आहे, अंगावरचे कपडे स्वच्छ आहेत, गोळ्या वेळेवर मिळालेल्या आहेत. तपासणीच्या कागदावर त्याच्यापुढें कोणतीहि उणीव लिहितां येणार नाहीं. परंतु दिवसभरांत त्याला कोणी कांहीं विचारलें नाहीं आणि त्याच्या हातून कांहीं घडलें नाहीं. असेच महिने लोटले, कीं पाय आखडतात, बोलणें कमी होतें, भूक मंदावते आणि माणूस जागच्या जागीं विझत जातो. या विझण्याला अटकाव करणें हें उपक्रम विभागाचें काम आहे. मग त्या विभागाला स्वतंत्र दालन असो, कीं एकाच सेविकेच्या हातीं तो सारा कारभार असो.

अमेरिकेनें १९८७ सालीं कायदा करून या कामाला शिस्त लावली. तेथें तपासणी न कळवितां होते आणि दोन तपासण्यांत पंधरा महिन्यांहून अधिक अंतर पडूं देत नाहींत. तपासणीची आगाऊ बातमी फोडणाऱ्यास दोन हजार डॉलरपर्यंत दंडाची तरतूद त्या कायद्यांतच आहे. गृहांत आलेल्या माणसाची सर्वांगीण पाहणी चौदा दिवसांच्या आंत व्हावी लागते, आणि तींत केवळ रक्तदाब व वजन पाहून भागत नाहीं. पुस्तकें किंवा वृत्तपत्रें जवळ असणें तुम्हांला कितपत महत्त्वाचें वाटतें, संगीत ऐकणें, पशुपक्ष्यांचा सहवास, चांगल्या हवेंत बाहेर जाणें, धर्मकृत्यांत भाग घेणें कितपत महत्त्वाचें वाटतें, असे प्रश्न त्या माणसालाच विचारले जातात. तपासनीस पुढें हीं उत्तरें घेऊन बसतो आणि त्या माणसाचा दिवस त्यांच्याशीं जुळतो कीं नाहीं तें पाहतो. तेथील सारीं गृहें त्यामुळें आदर्श झालीं असें नव्हे. परंतु काय पाहावें, तें तरी निश्चित झालें.

नाशकांतील एखाद्या आश्रमानें हीच दृष्टि ठेवून तयारी करावयाची झाल्यास आरंभ माणसाच्या ओळखीपासून करावा लागेल. प्रत्येकासाठीं एक पान राखावें आणि त्यावर त्याचें पूर्वायुष्य, आवडीनिवडी, ऐकूं व दिसूं किती येतें, हें सारें लिहावें. निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागाईतदाराचे हात एप्रिलची खरड छाटणी आणि दसऱ्याच्या सुमाराची गोडी छाटणी कधींच विसरत नाहींत. त्याला अंगणांतील एक वेल सोंपवितां येईल. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यांत आयुष्य काढलेल्या माणसाला बिनचूक मोजणीची संवय असते. ग्रंथांची किंवा कोठीची मोजदाद त्याला मानाची वाटेल. सिन्नरकडे विड्या वळून संसार चालविलेल्या बाईचीं बोटें देवाच्या वाती सहज वळतील. येवल्याच्या विणकराला रेशमाच्या लडी रंगवार लावतांना वेळेचें भान उरणार नाहीं. सर्वांना एकाच सतरंजीवर बसवून एकच भजन म्हणावयास लावणें सोपें आहे, पण त्याला उपक्रम म्हणतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट महिन्याच्या वेळापत्रकाची. त्यांत नाशिकचें वर्ष दिसलें पाहिजे. रंगपंचमीची रहाड, चैत्रांतील रामरथ आणि गरुडरथ, मे महिन्यांत गोदाकाठीं भरणारी वसंत व्याख्यानमाला, कोजागिरीचें दूध, यांपैकीं जेथें जाणें शक्य असेल तेथें जावें आणि जें शक्य नसेल तें आश्रमांत आणावें. १८४० सालीं स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयासारखी संस्था ज्या शहरांत आहे, तेथील वृद्धाश्रमांत चार फाटक्या मासिकांवर वाचनालयाचें नांव लागावें, हें शोभणारें नव्हे. ज्यांना दिसत नाहीं त्यांना रोज अर्धा तास कोणी वर्तमानपत्र वाचून दाखवावें. जे अंथरुणाला खिळलेले आहेत त्यांच्यासाठीं वेळापत्रकांत निराळी ओळ असावी. नाहींतर सारा कार्यक्रम दिवाणखान्यांत होतो आणि ज्यांना त्याची गरज अधिक, तेच त्याला मुकतात. दूरचित्रवाणीचा संच सकाळपासून रात्रीपर्यंत चालू ठेवणें याला कार्यक्रम समजूं नये.

तिसरी गोष्ट नोंदवहीची, आणि येथेंच संस्थेच्या सचोटीची खरी कसोटी लागते. रोज सायंकाळीं दोन ओळींत लिहावें: काय झालें, कोण आलें, कोण आलें नाहीं आणि कां. 'गुडघा दुखत असल्यानें आले नाहींत', 'आज बोलण्याची इच्छा नव्हती', अशा नोंदी लिहावयास संकोच वाटूं नये. नकार देण्याचा अधिकार वृद्धालाहि आहे, आणि तो नोंदविला गेला म्हणजे दुसऱ्या दिवशीं त्याच्याकडे कोणी तरी विचारपूस करावयास जातें. उलट ज्या वहींत तीनशें पासष्ट दिवस सर्वांची हजेरी भरलेली असते, एकाच शाईनें आणि एकाच वळणानें सर्व पानें लिहिलेलीं असतात, ती वही तपासणीच्या आदल्या रात्रीं जन्मास आली, हें अनुभवी अधिकाऱ्यास सांगावें लागत नाहीं. अपुरी पण खरी वही ही पूर्ण पण खोट्या वहीपेक्षां संस्थेचें रक्षण अधिक करते. कारण पुढील वर्षीं काय सुधारावें, तें तिच्यावरून कळतें.

तपासणीसाठीं वृद्धांकडून गाण्याची किंवा उत्तरांची तालीम करून घेणें सर्वस्वीं वर्ज्य मानावें. ज्यांनीं उभा जन्म संसार पेलला, त्यांना 'येथें सर्व ठीक आहे' हें वाक्य पाठ करावयास लावणें यासारखा अपमान नाहीं. छायाचित्रें घ्यावयाचीं तर त्यांची संमति घ्यावी. देणगीदारांना दाखविण्यासाठीं केक भरवितांनाचें चित्र प्रत्येकाला रुचतेंच असें नाहीं. महिन्यांतून एकदां रहिवाशांची बैठक भरवावी, तींत व्यवस्थापकानें कमी बोलावें, आणि मागील बैठकींतील तक्रारीचें पुढें काय झालें, तें इतिवृत्तांत लिहावें. एवढें झालें, कीं तपासणीची वेगळी तयारी अशी फारशी उरत नाहीं. कागद जागेवर लावून ठेवले म्हणजे पुरे.

अधिकाऱ्याचेंहि या बाबतींत कांहीं कर्तव्य आहे. कार्यालयांत बसून वह्या चाळण्यापूर्वीं त्यानें दुपारीं तीनच्या सुमारास एखाद्या दालनांत स्वस्थ बसून राहावें. कोण कोणाशीं बोलतें, सेविका वृद्धाला नांवानें हांक मारते कीं खाटेच्या क्रमांकानें, पुस्तकांच्या कपाटाला कुलूप आहे काय, तेवढ्या वेळांत बरेंचसें कळून येतें. मग कोणतींहि दोन नांवें निवडून त्यांचीं पानें मागवावीं, आणि तीं पानें घेऊन त्या दोघांपाशीं जाऊन बसावें.

परंतु अधिकारी येईलच, असा भरंवसा सर्वत्र धरतां येत नाहीं. सार्वजनिक विश्वस्त संस्थेचा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातो, अनुदान घेणाऱ्या संस्थेकडे समाजकल्याण खातें पाहतें. पण हिशेब बरोबर असणें आणि दुपार भरलेली असणें यांत अंतर आहे. वृद्धगृहांची नोंदणी आणि किमान मानकें यांची तरतूद करूं पाहणारें एक सुधारणा-विधेयक डिसेंबर २०१९ मध्यें लोकसभेंत मांडलें गेलें होतें. २०२४ मध्यें ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक संमत न होतांच व्यपगत झालें.

अशा स्थितींत रविवारीं भेटावयास येणारा मुलगा, सून, नात किंवा जुना शेजारी हाच खरा तपासनीस ठरतो. जेवण कसें आहे, औषधें मिळतात ना, हें सर्वच विचारतात आणि विचारावेंच. त्यापुढें एक प्रश्न अधिक विचारावा: 'काल दुपारीं काय केलेंत?' त्याचें उत्तर देतांना म्हाताऱ्या माणसाचा चेहरा उजळला, तर त्या आश्रमाला कोणत्याहि तपासणीची धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. उत्तर आलें नाहीं, तर व्यवस्थापकाकडे जाऊन कालची नोंद नम्रपणें मागावी, आणि पुढच्या रविवारीं पुन्हां मागावी.