‘किल्ला’ बघताना

बरगीला, धरणाच्या गावी, बदलीवर आलेल्या घरांना ‘किल्ला’ समजावून सांगायची तशी गरज नाही. सामान उतरत असताना पोरगं कुठल्या कोपऱ्यात उभं असतं, हे तुम्ही पाहिलेलंच आहे.

अविनाश अरुण यांचा हा पहिला चित्रपट. वडील गेलेले, सरकारी नोकरीतल्या आईची बदली झालेली, आणि अकरा वर्षांचा चिन्मय पुणं सोडून कोकणातल्या शाळेत. 2014 साली बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाला ‘क्रिस्टल बेअर’ मिळालं ते मुलांच्या परीक्षक मंडळाकडून. पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आपल्याकडे मात्र गाडी बऱ्याचदा ‘कोकण काय टिपलंय!’ इथेच अडते. टिपलंय खरंच, छायालेखनही दिग्दर्शकाचंच आहे. पण बर्लिनच्या पोरांना कोकणाचं काय कौतुक? त्यांनी चिन्मयला ओळखलं असणार.

किल्ल्यातला प्रसंग घ्या. पाऊस कोसळतोय, चिन्मय आत एकटा अडकलाय. बाहेर येऊन बघतो, तर मित्र निघून गेलेले. इथे एकदा डोळे मिटून नुसतं ऐका. (रेडिओवाला दुसरं काय सांगणार म्हणा!) एरवी ज्या पावसात आपण भजी तळायला घेतो, तोच पाऊस इथे अंगावर येतो. त्यानंतर चिन्मय मित्रांशी बोलणं टाकतो, आणि का ते कुणी आपल्याला समजावत बसत नाही.

असाच एक चित्रपट अलीकडे फ्रान्समधूनही आला. लुईझ कुरव्हाझिए यांचा ‘होली काऊ’ 2024 साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि त्याला तिथला युवा पुरस्कार मिळाला. त्यातही बाप जातो. धाकट्या बहिणीची जबाबदारी अंगावर पडलेला तोतोन बक्षिसाच्या आशेनं कोंते चीज करायला घेतो. ज्युराचे डोंगर सुंदरच आहेत, पण लक्षात राहते ती दुधाशी चाललेली त्याची झटापट.

‘किल्ला’ संथ आहे, ही तक्रार मला अर्धीच पटते. मधे थोडा रेंगाळतो खरा. पण तेवढ्या वेळात अमृता सुभाष यांनी केलेल्या आईकडे बघा. नव्या कचेरीत तीही नवखीच आहे, आणि तिला रुसून बसायचीसुद्धा सोय नाही. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा पोराला जरा बाजूला ठेवा आणि चित्रपट तिच्या बाजूनं बघा.