नोकरी सांभाळून डॉक्टरेट

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात शिक्षणसाहाय्य समितीच्या वतीने झालेले भाषण)



ह्या शुभप्रसंगी शिक्षणसाहाय्य समितीने दोन शब्द बोलावेत अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. पन्नास वर्षांचा जमाखर्च अहवालात छापलेला आहे. तो वाचून दाखवून आम्ही आपला वेळ घेत नाही. त्याऐवजी समितीपुढे आलेल्या एकाच अर्जाविषयी बोलावयाचे आम्ही योजिले आहे. ह्या एका अर्जापायी समितीच्या चार बैठका झाल्या, आणि अशा तऱ्हेचे अर्ज येथून पुढे वरचेवर येणार ह्यात आम्हांला शंका वाटत नाही.

अर्जदार आपल्याच समाजातील एक मुलगी. मुलगी म्हणतो खरे, पण तिला नोकरीत अकरा वर्षे झाली आणि तिची लेक शाळेत जाऊ लागली. शहरातील एका रुग्णालयात, हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात त्या विभागात ती फिजिशियन असिस्टंट आहे. थोडक्यात पी.ए. आता पी.ए. म्हटले की आपल्या लष्करात माणसे विचारतात, ‘कोणत्या मंत्र्याचे?’ तेव्हा हे काम काय असते ते आधी सांगितले पाहिजे.

रोगी भरती झाला की त्याची हकीकत विचारून टिपून घ्यावयाची, त्याला तपासावयाचे, शस्त्रक्रियेपूर्वीच्या सर्व तपासण्या झाल्या की नाहीत हे पाहावयाचे आणि राउंडच्या वेळी सर्जनपुढे सारे मुद्देसूद मांडावयाचे. बायपासच्या वेळी पायातील शीर काढून देण्याचे नाजूक काम पुष्कळ ठिकाणी हीच मंडळी करतात. पुढे अतिदक्षता विभागात पहारा, आणि रोगी घरी जाताना डिस्चार्जचा कागद. हे सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखाली. स्वतंत्रपणे औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांस नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातील डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ साली नौदलातील चार माजी वैद्यकीय मदतनीसांना घेऊन ह्या शिक्षणाची सुरुवात केली. आपल्या देशात ते १९९२ साली मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी आणले. भारतातील पहिली यशस्वी बायपास १९७५ साली करणारे ते हेच चेरियन. कायद्याच्या पुस्तकात मात्र ह्या पेशाला जागा मिळावयास २०२१ साल उजाडले. त्या वर्षीच्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात तो पेशा नावाने नोंदला गेला.

अर्ज असा होता. परदेशातील एका विद्यापीठाची डॉक्टरेट घरबसल्या, ऑनलाइन, दोन-अडीच वर्षांत मिळते. मध्ये एक भारतीय कंपनी आहे. फी काही लाख रुपये, हप्त्याने. त्यासाठी ट्रस्टने बिनव्याजी कर्ज द्यावे. मुलीने कारणही प्रांजळपणे लिहिले होते. अकरा वर्षे काम करूनही रोगी तिला सिस्टर म्हणतात, आणि तिच्या हाताखाली शिकून गेलेले ज्युनिअर डॉक्टर तिचे नाव न विचारता हाक मारतात.

समितीत लगेच दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, मुलगी शिकू म्हणते, आपण पैसे मोजून मोकळे व्हावे. एका वयोवृद्ध सभासदांनी जुना दाखला दिला. त्यांचे आजोबा एल.सी.पी.एस. होते. भोर समितीने १९४६ साली ही लायसेन्शिएटची पायरीच बंद करावी असा अभिप्राय दिला. समितीतल्याच सहा सभासदांनी त्यास भिन्नमतपत्रिका जोडली, हेही विसरू नये. पुढे अशा डॉक्टरांसाठी संक्षिप्त एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम निघाला, आणि संसाराचा व दवाखान्याचा भार डोक्यावर असलेली माणसे पुन्हा बाकावर जाऊन बसली. ‘मग आजच्या मुलीने संगणकापुढे बसले तर बिघडले कोठे?’ असा त्यांचा सवाल. सवाल बिनतोड वाटला. पण त्यात एक फरक होता. त्या डॉक्टरांना मिळालेली पदवी येथल्या कौन्सिलाने मान्य केलेली होती.

म्हणून समितीने कागद धुंडाळले. विद्यापीठ अनुदान आयोग आणि तंत्रशिक्षण परिषद ह्या दोघांनी मिळून ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर सूचना काढली आहे की, परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून खाजगी कंपन्या ज्या ऑनलाइन पीएच.डी. विकतात त्या मान्य नाहीत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील आयोगाच्या नियमांनुसार पीएच.डी. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देताच येत नाही. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने, वर सांगितलेल्या २०२१ च्या कायद्याखाली येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रमही ऑनलाइन व दूरस्थ पद्धतीने चालविण्यास बंदी केली. म्हणजे मुलीचे लाखो रुपये जावयाचे, रात्रीची झोप जावयाची, आणि हाती येणारा कागद येथे नोकरीत वा विद्यापीठात दाखवावयाचीही चोरी.

अमेरिकेतील गोष्ट निराळी आहे, आणि ती नीट न सांगणे अन्यायाचे होईल. तिकडे नोकरी करणाऱ्या पी.ए. लोकांसाठी ‘डॉक्टर ऑफ मेडिकल सायन्स’ ही पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठे बव्हंशी ऑनलाइन देतात. व्हर्जिनियातील लिंचबर्ग विद्यापीठ हे त्यांतले एक. ज्यांस शिकवावयाचे आहे, विभाग चालवावयाचा आहे, त्यांना तिचा उपयोग होतो. पण त्या पदवीने रोग्यावर उपचार करण्याचा परवाना तिळभरही वाढत नाही. काल जे करण्याची मुभा होती तेच उद्या. आपल्या मंडळींची जी मुले तिकडे स्थायिक होऊन हा पेशा करीत आहेत त्यांनी ती अवश्य घ्यावी. ग्वाल्हेरात राहून ग्वाल्हेरात नोकरी करणारीने तिच्यासाठी कर्ज काढावे की नाही, एवढाच आमचा प्रश्न होता.

नावापुढे ‘डॉ.’ लावण्याचे प्रकरण तर याहून नाजूक. सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टांनी ही अक्षरे लावू नयेत असे पत्र केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयातून निघाले, आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेण्यात आले. सरकारची ही गत, तेथे आमच्यासारख्यांनी काय निवाडा द्यावा? आमचे मत इतकेच की, पीएच.डी. झालेल्या माणसाने सभेत, पुस्तकावर, विद्यापीठात ती अक्षरे खुशाल लावावीत, तो त्याचा हक्क आहे. परंतु खाटेपाशी, जेथे भिंडहून आलेली म्हातारी आपला जीव कोणाच्या हाती आहे हे ओळखू पाहते, तेथे पी.ए.ने स्वतःस पी.ए.च म्हणवून घ्यावे. हे मुलीला आम्ही सांगण्याआधी तिनेच आम्हांस सांगितले. आमच्या मनात तिच्याविषयी जो आदर उत्पन्न झाला तो त्या क्षणी.

तिसऱ्या बैठकीस तिला बोलाविले होते. फी आणि हप्ते ह्यांची चर्चा संपल्यावर आमच्यातील एका भगिनीने सहज विचारले, ‘अगं, पण तुला शोधून काढायचंय तरी काय?’ मुलगी जरा थांबली आणि म्हणाली, ‘मावशी, झडपेचे पेशंट घरी गेल्यावर त्यांचं काय होतं, ते.’ मग अर्धा तास तीच बोलत होती.

आपल्या चंबळच्या मुलखात लहानपणी घसा दुखणे, मग सांधे धरणे, असे होऊन हृदयाच्या झडपा खराब झालेले तरुण रोगी पुष्कळ येतात. त्यांना धातूची कृत्रिम झडप बसविली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ह्या गोळीची मात्रा दोऱ्यावर चालण्यासारखी. कमी पडली तर झडपेवर गुठळी धरून झडप अडते किंवा अर्धांग होतो. जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासून मात्रा बदलावयाची असते: आज एक गोळी, उद्या अर्धी. आता हा सगळा हिशेब डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत लिहिलेला असतो. रोगी मुरैन्याच्या खेड्यातला; त्याला हिंदी वाचता येते, कधी तेही नाही. तो गावी जातो, गुडघा दुखला म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी घेतो, आणि त्यानेही रक्तस्रावाचा धोका वाढतो. हिवाळ्यात आपल्याकडे घरोघर मेथी, पालक, बथुआ शिजतो. त्या भाज्यांतील के जीवनसत्त्वाने ह्याच गोळीचा जोर कमी होतो. भाजी सोडण्याचे कारण नाही, रोजचे प्रमाण सारखे ठेवले की झाले. पण हे त्याला त्याच्या भाषेत सांगणार कोण? मुलीचे म्हणणे असे की, हिंदीत मोठ्या अक्षरांत चित्रांसह लिहिलेला कागद दिला आणि आठवड्याला एक फोन केला, तर रक्ताची तपासणी किती जणांची वेळेवर होते व किती जणांची मात्रा बरोबर राहते, हे मोजून पाहावे.

हा प्रश्न पुस्तकातून आलेला नव्हता. सर्जनसाहेब झडप बसवून पुढच्या शस्त्रक्रियेला जातात. कागद ही मुलगी लिहिते, आणि तीन महिन्यांनी तोच रोगी अर्धांग होऊन परत आला तर स्ट्रेचरपाशी तीच असते. ज्या कामामुळे तिला सिस्टर म्हणून हाक मारतात, त्याच कामाने तिला हा विषय दिला. समितीतील दोन्ही तट तेथे एक झाले.

नोकरी करता करता असे शोध लागत नाहीत, अशी शंका कोणी घेईल. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी ढाक्याच्या वैद्यकीय शाळेत शिकवीत व रोगी पाहात होते, तेव्हा, १९०४ साली, त्यांना कलकत्ता विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली, पुढे कॅम्बेल रुग्णालयातील एका कोंदट खोलीत त्यांनी काळाआजारावरचे औषध तयार केले. आपल्या जवळचे म्हणाल तर उज्जैनचे हरिभाऊ वाकणकर. १९५७ साली त्यांनी भीमबेटकाच्या चित्रगुहा जगापुढे आणल्या, आणि शैलचित्रांवरच पुणे विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. उज्जैनचे काम त्यासाठी त्यांनी सोडले नाही. त्यांना संगणक नव्हता, आगगाडी होती.

आता मार्ग कोणता, ते थोडक्यात. २०२२ च्या नियमांनी अर्धवेळ पीएच.डी.स उघड परवानगी दिली आहे. दोन वर्षांच्या एम.एस्सी.त किमान ५५ टक्के गुण हवेत. मुलीचे आहेत. अभ्यासक्रमाची किमान १२ श्रेयांके पुरी करावी लागतात; अवधी कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा, वर दोन वर्षांची मुदतवाढ, आणि स्त्रियांना आणखी दोन; एकूण दहाच्या पुढे नाही. विषय सार्वजनिक आरोग्याखाली बसतो की रुग्णालय-व्यवस्थापनाखाली, हे ज्या विद्यापीठात मार्गदर्शक मिळेल तेथे ठरेल. खरी अडचण आहे ती मालकाच्या ना-हरकत पत्राची. त्यात तीन गोष्टी लिहून द्याव्या लागतात: अर्धवेळ अभ्यासास परवानगी आहे, कामातून अभ्यासापुरता वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास अभ्यासक्रमासाठी कामातून मोकळीक दिली जाईल. मुलीने पत्र मागितले तेव्हा पहिल्या खेपेस नकार आला. रुग्णालयाचे नाव घेण्याची जरूर नाही. आपल्या विश्वस्तांपैकी दोघे जण जाऊन बोलले. विषय रुग्णालयाच्याच रोग्यांच्या हिताचा आहे हे पटवून दिले, तेव्हा कोठे पत्र हाती आले. कर्जापेक्षा ह्या दोन फेऱ्याच तिच्या अधिक उपयोगी पडल्या, असे आम्हांस वाटते.

ऑनलाइन शिक्षणाला समितीने नाक मुरडले असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. पदवी तशी मिळत नाही, पण विद्या मिळते, आणि पुष्कळशी फुकट मिळते. सरकारच्या ‘स्वयम्’वर संख्याशास्त्राचे व संशोधनपद्धतीचे धडे आहेत, ‘शोधगंगा’त देशभरचे प्रबंध वाचावयास मिळतात, वैद्यकीय निबंधांचा शोध ‘पबमेड’वर घेता येतो. मुलगी रात्रपाळीहून आल्यावर, लेक शाळेत गेली की सकाळचे दोन तास ह्यासाठी देते. तिच्या सासूबाईंनी सकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला आहे. त्या आज सभेत बसल्या आहेत आणि नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही.

समितीने शेवटी ठरविले ते असे. परदेशी ऑनलाइन पदवीसाठी मागितलेले कर्ज नामंजूर. त्याऐवजी अर्धवेळ पीएच.डी.ची विद्यापीठाची फी, मार्गदर्शकाकडे जाण्यायेण्याचे रेल्वेभाडे आणि हिंदी पत्रके छापण्याचा खर्च ट्रस्टने वर्षावर्षाने द्यावा, आणि तो कर्ज म्हणून धरू नये. रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळाल्याखेरीज रोग्यांच्या कामाचा हप्ता द्यावयाचा नाही, ही अट मुलीने स्वतःच घालून घेतली. पत्रकाचा पहिला मसुदा तयार आहे. आपल्यापैकी ज्या ज्येष्ठ मंडळींना बुंदेली व भदावरी बोली उत्तम येते त्यांनी तो एकदा डोळ्यांखालून घालावा. ‘रक्त पतले करने की गोली’ हे शब्द खेड्यातल्या माणसाला घाबरविणारे तर नाहीत ना, असा तिला प्रश्न पडला आहे. मसुद्याच्या प्रती सभागृहाच्या दाराशी मेजावर ठेवल्या आहेत, पेन्सिलीही ठेवल्या आहेत. वाचनालयाची मागची खोली पुढील महिन्यापासून रात्री दहापर्यंत उघडी राहील.