व्हेंटिलेटर आणि रुग्णाचा शब्द



गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानात मराठीच्या प्राध्यापकाने एखाद्या ग्रंथाविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र एका वाक्याविषयी बोलणार आहे : ‘त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवले.’ या वाक्यात रुग्ण आहे, यंत्र आहे, कर्ता नाही. कोणी ठेवले, कोणाला विचारून ठेवले, याचा उल्लेखच नाही. अपघातात बेशुद्ध झालेल्या माणसाच्या बाबतीत हे क्षम्य आहे. तेथे विचारण्यास अवसर नसतो. पण एक आजार असा आहे की, ज्यात विचारण्यास कित्येक महिने मिळतात आणि तरीही आपण विचारीत नाही.

त्याचे नाव मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूतील व मज्जारज्जूतील, स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. हात जातो, पाय जातो, जीभ जड होते, घास उतरत नाही आणि अखेरीस श्वासपटल थकते. बुद्धी बहुतेकांची शाबूत राहते. काहींच्या विचारशक्तीवरही परिणाम होतो, हे सांगितले पाहिजे. आडवे होताच धाप लागणे, रात्री वारंवार जाग येणे, सकाळी डोके दुखणे ही श्वास उणा पडू लागल्याची चिन्हे. बोलून घ्यावयाचे ते तोवर, किंबहुना त्याच्याही आधी.

‘व्हेंटिलेटर’ हा शब्दही आपण फार ढोबळपणे वापरतो. मास्क लावून रात्री श्वासाला जोर देणारे यंत्र निराळे आणि गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत बसविलेल्या नळीवर चालणारे निराळे. घशाचे स्नायू फार बिघडलेले नसतील, तर मास्कने आयुष्य सुमारे सात महिन्यांनी वाढते, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूकॅसल येथील अभ्यासात आढळले. शिवाय ते दिवसही अधिक सुसह्य गेले. नळीने आयुष्य वर्षानुवर्षे लांबू शकते. आजार मात्र थांबत नाही. अष्टौप्रहर कोणीतरी उशाशी हवे, कफ ओढून काढावयास हवा, वीज गेल्यास सोय हवी. आपल्याकडे हे ‘कोणीतरी’ म्हणजे बहुधा पत्नी किंवा सून, आणि तिलाही कोणी विचारीत नाही!

स्टीफन हॉकिंग यांचे उदाहरण हमखास दिले जाते. १९८५ साली जिनिव्हा येथे त्यांना न्यूमोनिया झाला. ते बेशुद्धावस्थेत असता यंत्र बंद करावे काय, असे डॉक्टरांनी पत्नीस विचारले. जेन यांनी ठाम नकार दिला. पुढे गळ्यात नळी बसली, वाचा गेली. १९८८ साली त्यांचा जगप्रसिद्ध ग्रंथ निघाला आणि १४ मार्च २०१८ पर्यंत ते जगले. निर्णय फळला खरा. पण त्यांचा आजार विलक्षण मंदगती होता. त्या मापाने इतरांना मोजू नये. शिवाय उत्तर देण्याची पाळी आली ती पत्नीवर.

जपानमध्ये गळ्यातील नळी स्वीकारणाऱ्यांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून पुष्कळ अधिक आहे. परंतु एकदा सुरू केलेले यंत्र तेथील डॉक्टर सहसा काढीत नाहीत. म्हणजे होकार एकदाच, तोही कायमचा. इंग्लंडमध्ये विचारक्षम रुग्णाने मागणी केल्यास यंत्र थांबविणे कायद्यास धरून आहे. धाप व भीती जाणवू नये म्हणून आधी औषधे देतात. मला हा मार्ग अधिक माणुसकीचा वाटतो. पुढे थांबता येईल अशी खात्री असेल, तर भिऊन नकार देणारा माणूसही यंत्र वापरून पाहील.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि विचारक्षम प्रौढास उपचार नाकारता येतात, हेही स्पष्ट केले. ‘नको म्हणणे म्हणजे आत्महत्याच’ असे म्हणणाऱ्या नातलगांनी हे ध्यानी घ्यावे. पूर्वेच्छापत्राची पद्धत २४ जानेवारी २०२३ रोजी सुलभ झाली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. कर्नाटक सरकारने ३० जानेवारी २०२५ रोजी या निकालाच्या अंमलबजावणीचे परिपत्रक काढले, तेव्हा आपल्या बेळगावातही हा विषय परका राहिलेला नाही.

एक पेच मात्र उरतो. पूर्वेच्छापत्र लागू होते ते माणसाची निर्णयशक्ती गेल्यावर. या आजारात बहुधा निर्णयशक्ती असते. जाते ती वाचा. जिवंत, जागा माणूस समोर असता त्याच्या कागदावर किंवा मुलांच्या तर्कावर विसंबण्याचे कारण काय? काल ‘हो’ म्हणणाऱ्याला आज ‘नको’ म्हणावेसे वाटेल, किंवा उलटही.

येथे आपली वर्णमाला कामास येते. डोळ्यांची हालचाल या आजारात बहुधा दीर्घकाळ टिकते. पुठ्ठ्यावर वर्णमाला ओळींनी लिहावी. सोबत्याने आधी वर्ग विचारावा : क-वर्ग? च-वर्ग? ट-वर्ग? रुग्णाने पापणी मिटली की त्या वर्गातील पाच अक्षरे एकेक करून उच्चारावीत. पंचवीस व्यंजनांतील कोणतेही फार तर दहा प्रश्नांत सापडते. काना, मात्रा, वेलांटी प्रथम सोडून दिली तरी चालते. शुद्धलेखनाचे गुण येथे कापावयाचे नाहीत. आणि अर्धे वाक्य होताच ‘कळले, कळले’ म्हणून ते आपण पुरे करू नये. कारण ‘यंत्र’ या शब्दापुढे ‘हवे’ येणार की ‘नको’, हे त्यालाच सांगू द्यावयाचे आहे.