वंशावळीतील गाठी
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात झालेले भाषण)



देवाच्या कृपेने मंदिराचे काम तडीस गेले. आता देणगीदारांची पाटी कोरायची आहे. पाटीवर ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ असे लिहायचे म्हटले, की घराघरांत वंशावळ निघते. आजोबांचे नाव सर्वांना येते. पणजोबांचे नाव एखाद्या म्हाताऱ्या माणसाला आठवते. पणजीचे नाव विचारले की ओसरीवर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. आणि नाव सापडलेच, तर एकाच पणजोबांना दोन बायका निघतात, नाहीतर एकाच बाईच्या नावापुढे दोन नवरे निघतात. मग कोणी म्हणते लिहिणाऱ्याची चूक झाली, कोणी म्हणते ते नाव गाळून टाका. आजचे दोन शब्द या गाळलेल्या नावांबद्दल आहेत.

पहिली गोष्ट अशी, की जे विचित्र वाटते ते बहुधा चूक नसते. आपल्या खानदेशातलेच मोठे उदाहरण घ्यावे. मल्हारराव होळकर यांचा जन्म १६९३ चा. वडील लहानपणीच वारले, म्हणून आईने मुलाला घेऊन तळोद्याला भावाच्या घरी आसरा घेतला. तळोदे पुढे पश्चिम खानदेशात, मग धुळे जिल्ह्यात आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आले. हे मामा भोजराज बारगळ. त्यांच्याच मुलीशी, गौतमाबाईंशी, मल्हाररावांचे लग्न झाले. म्हणजे मामा तोच सासरा, मामी तीच सासू. आता वंशावळ करणाऱ्याने भोजराजांचे नाव एका ठिकाणी आईच्या बाजूला आणि दुसऱ्या ठिकाणी बायकोच्या बाजूला पाहिले, तर एक खोडावेसे वाटेल. खोडले की चुकले. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडील अनेक समाजांची जुनी चाल आहे आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढी असेल तेथे ती राहू दिली आहे.

याच घराण्यात हरकूबाई होत्या. त्यांना खांडाराणी म्हणत. खांडा म्हणजे तलवार, आणि ज्या बाईचे लग्न तलवारीशी लावले ती खांडाराणी. पुढे मल्हाररावांचे पुत्र खंडेराव १७५४ साली कुंभेरीला पडले, नातू मालेराव १७६७ साली गेले आणि कारभार अहिल्याबाईंच्या हाती आला. फौज त्यांनी तुकोजी होळकरांकडे सोपविली. सर जॉन माल्कम यांनी लिहून ठेवले आहे, की तुकोजींच्या मोहोरेवर ते मल्हाररावांचे पुत्र म्हणून होते, आणि अहिल्याबाई वयाने लहान असूनही ते त्यांना आई म्हणत. मोहोर पाहिली तर तुकोजी दीर, हाक ऐकली तर मुलगा, आणि रक्ताने पाहिले तर दोन्ही नाही. ज्या माउलीने काशी विश्वेश्वराचे मंदिर १७८० मध्ये पुन्हा उभे केले, तिच्या घरची वंशावळ इतकी गुंतलेली असेल, तर आपल्या घरच्या गुंत्याची लाज कशाला वाटावी?

शेतकरी घरांतले गुंते याहून साधे, पण तितकेच फसवे. साटेलोटे घ्या. या घरची मुलगी त्या घरी आणि त्या घरची या घरी. मुलाच्या दृष्टीने मामी तीच आत्या. मोठी बहीण बाळंतपणात गेली आणि धाकटी त्याच घरी दिली, तर दोघींची मुले एकमेकांची सावत्र भावंडे आणि मावसभावंडेही. विधवा भावजयीने दिराशी पाट लावला, तर तिची आधीची आणि नंतरची मुले एका आईची म्हणून भावंडे आणि दोन भावांची म्हणून चुलत. नातू आजोबांना दत्तक गेला की सख्ख्या भावांची आडनावे दोन. दुसरेपणाच्या बाईच्या गळ्यात सवतीचा टाक असेल, तर त्या घरी आधी एक बाई नांदून गेली याचा तो कागदाविना पुरावा समजावा. टाक मोडून दागिना केला की तोही गेला.

यात सर्वांत जास्त हरवतात त्या पाट लावलेल्या बायका. पाट बहुधा रात्री लागे, दोन-चार माणसांत, वाजंत्री न लावता. पत्रिका नाही, मांडव नाही. त्यातून १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा असा होता, की विधवेने पुन्हा लग्न केले की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क, जणू ती त्या दिवशी मेली असे धरून, संपे. हा कायदा १९८३ साली रद्द झाला, पण तोवर सव्वाशे वर्षे गेली. जुन्या फेरफारात विधवेचे नाव लागते, काही वर्षांनी ते कमी होते आणि पुढे नुसता अज्ञान मुलगा व त्याचा पालनकर्ता चुलता उरतो. वाचणारा समजतो, बाई वारली. बाई कदाचित दहा कोसांवर दुसऱ्या घरी नांदत असेल, तेथे तिला चार मुले झाली असतील, आणि पहिला मुलगा आईचे नाव न घेता म्हातारा झाला असेल. त्या दोन घरांतली नातवंडे आज एकाच बाजारात भेटतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

सरकारी कागद खोटा नसतो, पण त्याला जेवढे विचारले तेवढेच तो सांगतो. तलाठी वारस विचारतो. मुलगा पहिलीचा की दुसरीचा हे विचारण्याचे त्याला कारण नसते. ‘ए.कु.मॅ.’ लिहिले असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एकटा मालक नव्हे. त्याच्यामागे किती भाऊ उभे आहेत ते ओळीत दिसत नाही. १९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे झाले व चोपडे पूर्व खानदेशात आले, तेव्हा त्यापूर्वीचे कागद नुसत्या खानदेश नावाखाली शोधावे लागतात. बरेचसे मोडीत असतात. वाचणारा शोधून आधी त्याला चहा पाजावा, मग कागद दाखवावा.

म्हणून एका कागदावर विसंबू नये. वारसाच्या नोंदी, जन्ममृत्यूचे रजिस्टर, शाळेचा दाखला, वहीवाल्या भाटाची वही आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या एकत्र लावून पाहाव्यात. उपाध्यायांच्या वहीत गावोगावचे यात्रेकरू आपल्या कुळाची नावे लिहून आलेले असतात. बाईचा शोध मात्र माहेराकडून करावा. बहिणाबाई चौधरी जळगावच्या चौधऱ्यांच्या घरी सून, पण असोद्याच्या महाजनांच्या घरी लेक. सासरच्या वहीत न सापडलेली बाई माहेरच्या वहीत सापडते. साल आठवत नसेल तर छप्पन्या दुष्काळाच्या आधी की नंतर, मानमोडीच्या साथीच्या आधी की नंतर, असे विचारावे. म्हणजे १८९९-१९०० आणि १९१८ या दोन खुणा मिळतात. त्या दोन तडाख्यांत घरे मोडली, पोरकी मुले मामाकडे वाढली, आणि पुष्कळ गाठी तेव्हाच पडल्या. दोन बायकांचे लग्न दिसले तर साल पाहावे. मुंबई इलाख्यात १९४६ च्या कायद्याने पहिली असताना दुसरी करणे बंद झाले होते.

लिहिताना मात्र तारतम्य हवे. पाटावर ‘पाटाची’, ‘लग्नाची’ असे भेद कोरण्याचे कारण नाही. पाटाची मुले रूढीने व कायद्याने पूर्ण वारस आहेत. पाटीवर दोघींपुढे ‘पत्नी’ एवढेच पुरे. घरच्या वहीत मात्र सगळे लिहावे. पहिले घर, दुसरे घर, माहेर, कोणती मुले कोणाची. जिवंत माणसाला टोचेल ते छापू नये, पण पुसूही नये. भावकीत आधीच मानपानाचा वाद असेल, तर वही चार वडीलधाऱ्यांसमोर वाचून दाखवावी. एकट्याने रात्री दुरुस्त करू नये. पाने फाडण्याचे प्रकार अशाच वेळी होतात.

सभामंडपाच्या उजव्या हाताला आज एक कोरी वही ठेवली आहे. माहेरवाशिणींनी पंगतीला बसण्यापूर्वी आपली आई, आईची आई आणि सासूची आई यांची नावे व माहेरे तीत सांगावीत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी शाळेचे गुरुजी तेथे बसले आहेत. पाटी कोरणारा कारागीर परवापर्यंत गावात आहे.