हृदयविकारावरील नवे उपचार आणि श्रमिक



हृदयविकारासारख्या विषयावर बोलण्यासाठी एखाद्या नामांकित डॉक्टरांना न बोलावता युनियनच्या माणसाला उभे केले, ह्याचे तुम्हांला नवल वाटत असेल. माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे शिकलो ते रातपाळीनंतर वाचनालयात आणि आजारी कामगारांचे कागद घेऊन दवाखान्याच्या रांगेत. तेव्हा कोणी कोणते औषध घ्यावे, हे मी सांगणार नाही. तो अधिकार डॉक्टरांचा. परंतु वैद्यकशास्त्राने मिळवलेले ज्ञान कष्टकऱ्याच्या छातीपर्यंत पोहोचते की नाही, हे विचारण्याचा अधिकार माझा आहे. तेवढाच मी आज बजावणार आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. हृदय हा एक स्नायूंचा पंप आहे, आणि ह्या पंपालाही रक्त लागते. ते पुरवणाऱ्या तीन मुख्य रक्तवाहिन्या त्याच्या अंगावरूनच जातात. त्यांच्या भिंतींत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. एके दिवशी तो थर फाटतो, तेथे रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. पुढे अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून ह्या रोगाच्या उपचारात मिनिटांचा हिशेब आहे.

आता निदान. हॉलंडमधील लायडन येथे आइंथोव्हेन ह्यांनी १९०३च्या सुमारास हृदयातील विजेचा आलेख घेणारे यंत्र सिद्ध केले. त्यासाठी त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी खोलीभर पसरणारे ते यंत्र आज पिशवीत मावते, आणि खेड्यात काढलेला ईसीजी मोबाइलवरून शहरातल्या तज्ज्ञापुढे क्षणात येतो. मात्र पहिला ईसीजी चांगला आला म्हणजे धोका टळला, असे नव्हे. हृदयाच्या दुखावलेल्या स्नायूतून ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. नव्या तपासण्या त्याचा अत्यल्प अंशही पकडतात. काही तासांच्या अंतराने दोनदा रक्त तपासले की बहुधा निकाल लागतो.

उपचारांतही तशीच प्रगती झाली. १९८८ साली १७,१८७ रुग्णांवर केलेला एक आंतरराष्ट्रीय प्रयोग प्रसिद्ध झाला. गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी अ‍ॅस्पिरिन ही दोन्ही ज्यांना मिळाली, त्यांच्यात पाच आठवड्यांत शंभरी ८ मृत्यू झाले; दोन्ही न मिळालेल्यांत १३. त्याआधी १९७७ साली झुरिकमध्ये ग्रुंट्सिग ह्यांनी बारीक नळीतून फुगा नेऊन माणसाच्या हृदयाची अरुंद रक्तवाहिनी रुंद केली होती. पुढे ती उघडी ठेवण्यासाठी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, आला. आज नियम असा आहे की, निदान झाल्यापासून दोन तासांत फुग्याचा उपचार होणार असेल तर तोच करावा. नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन ताबडतोब देऊन रुग्णाला मोठ्या रुग्णालयाकडे न्यावे.

एवढे सगळे आहे. मग आपली माणसे का मरतात?

२००८ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात भारतातील ८९ रुग्णालयांतल्या २०,४६८ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीस दिवसांत श्रीमंत रुग्णांपैकी शंभरी ५.५ दगावले, गरिबांपैकी ८.२. फुग्याचा उपचार श्रीमंतांत शंभरी १५ जणांना मिळाला, गरिबांत दोघांना. संशोधकांनी उपचारांतला फरक हिशेबातून वजा केला, तेव्हा मृत्यूंतला फरकही नाहीसा झाला. वय आणि रोगाला पोषक अशा इतर गोष्टी वजा करून तो जात नव्हता. बंधूंनो, ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. गरिबाचे हृदय वेगळे नाही. त्याला मिळणारा उपचार वेगळा आहे.

त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. तीव्र झटक्याच्या निम्म्या रुग्णांना रुग्णालयात पोहोचायला सहा तास किंवा त्याहून अधिक लागले. हे सहा तास कोठे जातात, हे मला कारखान्यात दिसते. छातीत दाब येतो, घाम फुटतो, डावा हात किंवा जबडा दुखतो. माणूस म्हणतो, पित्त असेल. सोडा पितो. कंत्राटी असेल तर खाडा पडेल म्हणून पाळी पुरी करतो. मुकादमाला विचारायचे, मग गेटपास, मग रिक्षा. बाईमाणूस असेल तर नुसता दम लागतो, मळमळते, आणि घरचे आटपल्यावर बघू म्हणून ती दुखणे अंगावर काढते.

हे बदलता येते. तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या रुग्णालयाशी जोडून तेथे ईसीजी आणि इंजेक्शन ह्यांची सोय केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात २,४२० रुग्ण होते. एका वर्षातले मृत्यू शंभरी १७.६ वरून १४.२ वर आले. किमतीचेही तसेच. औषध सोडणाऱ्या ज्या स्टेंटसाठी लाखाहून अधिक रुपये मोजावे लागत, त्याची कमाल किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने २९,६०० रुपयांवर आणली. त्यामागे दिल्ली उच्च न्यायालयात लढवलेली जनहित याचिका होती. मागितल्यावाचून काही मिळत नाही, हे युनियनच्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

परंतु प्रत्येकाला स्टेंट हवाच, असेही समजू नका. झटका आलेला नाही, फक्त चढ चढताना छाती भरून येते, अशा स्थिर रुग्णांवर झालेला मोठा प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. ५,१७९ रुग्णांच्या त्या प्रयोगात स्टेंट वा बायपास लवकर केल्याने, औषधांच्या तुलनेत मृत्यू कमी झाले नाहीत. दुखणे मात्र अधिक कमी झाले. त्यात अतितीव्र दुखणे असलेले, किंवा डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण घेतलेले नव्हते. म्हणून घर गहाण टाकण्यापूर्वी डॉक्टरांना आदबीने पण स्पष्ट विचारा : ‘हे आजच्या आज हवे का? औषधांवर भागेल का?’ ज्याला झटका आला आहे, त्याने मात्र हा वाद घालत बसू नये.

आमच्या मागण्या साध्या आहेत. १९४८च्या कारखाने कायद्याने पाचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात रुग्णखोली सक्तीची केली होती. आज त्या खोलीत ईसीजी यंत्र हवे आणि ते चालवणारा माणूस रातपाळीलाही हवा. छातीत दुखते म्हणणाऱ्याला गेटपास विचारू नये. त्या दिवसाची मजुरी कापू नये. ह्यांत कंत्राटी कामगारही आलाच पाहिजे.

आणि तुमच्याकडूनही एक मागतो. आज घरी गेल्यावर १०८ हा आकडा भिंतीवर लिहा. छातीतले दुखणे आले की सोडा शोधू नका, त्या आकड्याला फोन करा. झटका येऊन गेलेल्याने बरे वाटते म्हणून गोळ्या सोडू नयेत, आणि तंबाखू तेवढी सोडावी.