पेठ, किल्ला आणि टेकडी
(हीरक महोत्सवानिमित्त कोरमंगला, बेंगळूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘शाळेची साठ वर्षे’ हा विषय दिला होता. त्या साठ वर्षांचा वृत्तान्त या स्मरणिकेत सविस्तर येणारच आहे, म्हणून तो मी येथे वाचून दाखवीत नाही. मला तुमच्याशी एका सहलीविषयी बोलायचे आहे. आपल्या शाळेची सहल रायगडला जाते, प्रतापगडला जाते, पन्हाळ्याला तर जातेच जाते. या वर्षी नववीचा वर्ग तासगावाहून तुमच्या बेंगळूरला आणावा, असा माझा प्रस्ताव आहे. त्यावर समितीत बरीच चर्चा झाली. ‘बेंगळुरात पाहण्यासारखे काय आहे? काचेच्या इमारती?’ असे एका सदस्यांनी विचारले. त्यांना दिलेले उत्तर तुमच्यापुढेही मांडते, कारण तुमच्या सहकार्याशिवाय ही सहल होणार नाही.

गेल्या वर्षी लेकीकडे इंग्लंडला गेले असता वेल्सच्या सीमेजवळील लडलो नावाचे गाव पाहिले. टेकडीवर किल्ला, त्याच्या दरवाजासमोर चौक आणि त्या चौकात आजही भरणारा बाजार. एका जागेचे नाव बुल रिंग, म्हणजे जुना गुरांचा बाजार. दुसरीचे बटर क्रॉस, म्हणजे लोण्याचा. लोकर आणि कापडाच्या व्यापारावर हे गाव श्रीमंत झाले. ते लोक आपल्या मुलांना हे सारे पायी हिंडवून दाखवतात. तेथे उभी असताना मला आठवण झाली ती बेंगळूरच्या पेठेची.

केंपेगौडांनी 1537 साली हे शहर वसवले ते मातीचा कोट आणि त्यातली पेठ या रूपात. आपण ‘पेठ’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘पेटे’. पुण्याच्या कित्येक पेठा वारांच्या नावांनी ओळखल्या जातात, बेंगळूरच्या पेठा मालाच्या आणि कारागिरांच्या नावांनी. अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून अक्कीपेटे. अरळे म्हणजे कापूस, म्हणून अरळेपेटे. बळे म्हणजे बांगडी, गाणिग म्हणजे तेली, आणि कुंबारपेटेचा अर्थ तर आपल्या पाचवीतल्या मुलालाही सांगावा लागणार नाही. दोन भाषांचे शेजारपण शिकवायला याहून सोपा धडा मला ठाऊक नाही. कृष्णराजेंद्र मार्केटातल्या फुलांच्या राशी पाहून त्या अरुंद गल्ल्यांत शिरावे, एवढाच त्याचा अभ्यासक्रम.

त्या पेठेशी आपला संबंध पाठ्यपुस्तकातून आलेला आहे. 1638 साली विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या फौजेने बेंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. जिजाबाई आणि बालशिवाजी काही काळ येथे राहिले. जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला तो शहाजीराजांच्या दरबारात. पुढे 1922 साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो प्रदीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. शहाजीराजांचे निधन 1664 साली झाले, तेही कर्नाटकातच. चन्नगिरी तालुक्यातील होदिगेरे येथे त्यांची समाधी आहे. ती बेंगळूरहून दूर पडते, एका दिवसात होणार नाही, म्हणून या सहलीतून वगळली. तुम्ही मात्र सवडीने कुटुंबासह जाऊन यावे.

पण मला मुलांना सर्वांत आधी न्यायचे आहे ते मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळात. तेथे 1669 सालचा शिलालेख आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी, म्हणजेच व्यंकोजी, यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला इनाम दिल्याची ती नोंद आहे. लेख कन्नड आहे. मराठी राजा, इनाम देताना जेथे राज्य करतो तेथल्या लोकांच्या भाषेत दगड कोरवून घेतो. भाषेवरून आज जी भांडणे रस्त्यावर येतात ती या दगडाला अपरिचित आहेत. 1687 साली मोगलांनी बेंगळूर घेतले, पाठोपाठ तीन लाख रुपयांच्या व्यवहाराने ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले आणि भोसल्यांचे बेंगळूर संपले. दगड राहिला.

किल्ल्याविषयी थोडे. मूळच्या मातीच्या किल्ल्याच्या जागी हैदरअलीने 1761 साली दगडी तटबंदी उभारली. आज त्यातला दिल्ली दरवाजा आणि आजूबाजूचा थोडा भाग शिल्लक आहे. 1791 च्या मार्चमध्ये कॉर्नवॉलिसने आधी पेठ घेतली आणि दोन आठवड्यांनी किल्ला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नंदीदुर्ग पडला. ही नंदीची टेकडी 1478 मीटर उंच, बेंगळूरहून साधारण 60 किलोमीटर. तुम्ही तेथे पहाटेचे धुके पाहायला जाता आणि दहा वाजता नाश्त्याला परत येता, असे तुमच्या छायाचित्रांवरून दिसते! पायथ्याच्या नंदी गावातले भोगनंदीश्वराचे देऊळ आणि जुनी पायऱ्यांची वाट बहुतेकांची राहून जाते. आमची मुले त्या वाटेनेच चढतील.

आता ज्या मुद्द्यावर समितीत खरा मतभेद झाला त्याकडे येते. 1791 च्या त्या मोहिमेत पेशव्यांच्या फौजा इंग्रजांच्या बाजूने होत्या. हरिपंत फडके होते आणि आपल्या तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन होते. मे महिन्यात श्रीरंगपट्टणापुढून कॉर्नवॉलिसची उपाशी फौज माघारी फिरली तेव्हा तिला मराठ्यांची छावणी भेटली, आणि त्या छावणीतला बाजार पाहून इंग्रज थक्क झाले. धान्य तर होतेच, शिवाय इंग्लंडच्या लोकरी कापडापासून काश्मिरी शालीपर्यंत सर्व काही विक्रीस होते. भाव अर्थातच चढे! फौजेबरोबर चालणारी ही पेठच होती. इथपर्यंतची हकीकत मुलांना सांगायला कोणाची हरकत नव्हती.

पण त्याच युद्धात पटवर्धनांच्या फौजेतल्या स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदांबेची मूर्तीही त्यातून सुटली नाही. मठाच्या स्वामींनी टिपूला लिहिले आणि टिपूने पुनःस्थापनेसाठी साहाय्य पाठवले. त्याची कन्नड पत्रे 1916 साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक आर. नरसिंहाचार यांनी उजेडात आणली. ‘हे मुलांना कशाला? आपल्याच गावच्या पुरुषाचे नाव मुलांसमोर खाली का आणायचे?’ असा प्रश्न आला. प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी जाणते. ज्या भाऊंनी आपले गणपतीचे देऊळ बांधले, ज्याच्या सात मजली गोपुराखालून आपण रथोत्सवाच्या दिवशी दोर ओढतो, त्यांच्याविषयी गावात जिव्हाळा आहे. माझाही आहे. ते गोपुरच दाक्षिणात्य धाटणीचे आहे. भाऊंनी या प्रदेशाकडून काय घेतले ते तासगावच्या आकाशात उभे आहे, आणि त्यांच्या स्वारांनी येथून काय नेले ते शृंगेरीच्या दप्तरात आहे. यातले एकच सांगितले तर नववीतली चाणाक्ष मुलगी दुसरे मोबाइलवर वाचेल आणि मग आमचे पहिलेही खरे मानणार नाही. मी वर्गात दोन्ही सांगणार आहे, हे मी समितीला स्पष्ट सांगितले. दोन सदस्य अद्याप नाराज आहेत.

तुमच्यापैकी एकाने मघाशी चहाच्या वेळी मला हळूच विचारले, ‘बाई, आमची मुले मराठी वाचतच नाहीत, मग ती तासगावच्या मुलांशी बोलणार काय?’ हा प्रश्न गंभीर आहे. शाळेतही वेगळी स्थिती नाही. जेथे प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या होत्या तेथे आता काही इयत्तांची एकच आहे. तुमच्या घरातल्या मराठीची काळजी मला आहेच. तरीही तुमच्या मुलांजवळ एक गोष्ट आहे जी माझ्या नववीकडे नाही. ती शाळेत कन्नड शिकतात.

म्हणून माझी मागणी अशी. मुले मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने येतील. दोन रात्री त्यांनी हॉटेलात न राहता तुमच्या घरी राहावे, एका घरी दोन किंवा तीन. पहिल्या सकाळी काडु मल्लेश्वर, मग पेठ आणि दिल्ली दरवाजा. संध्याकाळी लालबागेतला खडक, ज्याचे वय सुमारे 300 कोटी वर्षे सांगतात आणि ज्याच्या माथ्यावर केंपेगौडांचा बुरूज आहे. दुसऱ्या दिवशी नंदी. तिसऱ्या दिवशी गाडीपूर्वी वेळ उरला तर बेगूरचे देऊळ, जेथल्या हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या वीरगळावर ‘बेंगळूरु’ हे नाव आढळते. कोरमंगलापासून ते फार लांब नाही, आणि हात वर करायला सांगितले तर तेथे गेलेले तुमच्यात किती निघतील याची मला शंका आहे.

आणि मल्लेश्वरमच्या त्या दगडापुढे आमचे शिक्षक बोलणार नाहीत. अक्षरे जुनी आहेत, सगळी लागणार नाहीत. पण जेवढी लागतील तेवढी तुमच्या मुलांनी आमच्या मुलांना वाचून दाखवावीत आणि त्यांचा अर्थ, मोडक्या का होईना, मराठीत सांगावा. नावे नोंदवण्यासाठी बाहेरच्या मेजावर वही ठेवली आहे. जाण्यापूर्वी तीत घराचा पत्ता, किती मुले ठेवून घेऊ शकाल ती संख्या आणि आपल्या मुलाची इयत्ता लिहून जावे.